ब्रह्मकमळ आणि भिंग

मराठीच्या प्राध्यापकाने भिंगांविषयी बोलावे हा अधिकारातिक्रम खरा. पण माझ्या दिवंगत पत्नीच्या ब्रह्मकमळाने तो मला करावयास लावला. तिच्या पश्चात ते आमच्या वडोदऱ्याच्या घरी, चार फुटी सज्जात, प्रथमच उमलले तेव्हा कॅमेऱ्यास १०० मि.मी.चे मॅक्रो भिंग होते. पाठ भिंतीस टेकली तरी अर्धेमुर्धेच फूल चौकटीत आले. घाईने २८ मि.मी.चे चढविले. फूल मावले, परंतु पुढच्या पाकळ्या अवाजवी फुगल्या, आणि मागे वाळत घातलेले धोतरही आले! हा दोष भिंगाचा नव्हे. फार जवळ गेले की प्रमाण बिघडतेच. पहाटे फूल मिटले.

पुढील वर्षी साधे ५० मि.मी.चे भिंग घेतले. ३६ मि.मी. रुंदीच्या संवेदकावर ते ७० सें.मी. अंतरावरून सुमारे ४६ सें.मी. रुंदीचे दृश्य घेते. १०० चे भिंग तेथूनच जेमतेम २१. तिपाई, एफ/८, दोन सेकंद, आणि पंखा बंद. फूल देठासकट आले.

तुळशीच्या मंजिरीसाठी मात्र १०० चेच भिंग हवे. पूर्णाकार प्रतिमा घेताना ५० च्या मॅक्रो भिंगास इतके जवळ न्यावे लागते, की त्याची सावली मंजिरीवरच पडते.