खारी चालली आजोळी!

‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, ठेवू बोर्डिंगमध्ये,’ असं म्हणत गेल्या दिवाळीत आम्ही खारीला पुण्यात ठेवून चिपळूणला आजीकडे गेलो. खारी म्हणजे आमची चार वर्षांची देशी कुत्री. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. दुसऱ्याच दिवशी फोन आला, ‘जेवत नाहीये, नुसती फाटकाकडे बघत बसलीये.’ आईच्या घशाखाली करंजी उतरेना. तेव्हाच ठरलं, पुढच्या वेळी खारीही येणार.

जानेवारीत निघालो. कौतुकानं तिला पोटभर दूध-पोळी खाऊ घातली आणि इथेच पहिली माती खाल्ली! पिरंगुट येईपर्यंत लाळेच्या तारा, मुळशीच्या आधी पहिली उलटी, ताम्हिणीत दुसरी. दादानं घाईघाईत गाडी बाजूला घेतली, मी पुसायला फडकं काढायला दार उघडलं आणि खारी माझ्या हाताखालून बाहेर! ना पट्टा अडकवलेला, ना गळ्यात फोन नंबर. पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघं घाटात ओरडत फिरत होतो. वळणावरून एकेक ट्रक आला की पोटात गोळा येत होता. शेवटी ती एका चहाच्या टपरीच्या बाकाखाली थरथरत बसलेली सापडली. आम्ही तिथूनच घरी परतलो.

रात्री शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, चूक खारीची नव्हतीच. सुट्ट्या आल्यात, तुमच्यापैकी बरेच जण आपल्या भूभूला घेऊन निघायच्या बेतात असतील. म्हणून आम्ही काय शिकलो ते सांगते.

गाडी म्हणजे इंजेक्शन!

खारी आजवर गाडीत बसली ती फक्त डॉक्टरांकडे जायला. तिच्या डोक्यात गणित पक्कं, गाडी म्हणजे सुई. मग आम्ही शून्यातून सुरुवात केली. आधी बंद गाडीत बसून खाऊ. मग इंजिन सुरू, पण गाडी जागेवरच. मग सोसायटीला एक चक्कर. मग थेट वेताळ टेकडी आणि तिथे मनसोक्त फिरणं. तीन आठवड्यांनी दार उघडलं की बाई आधी आत! घाई मात्र करायची नाही. एखाद्या पायरीवर ती घाबरली, तर एक पायरी मागे यायचं.

गाडी लागते, तिलाही!

माणसांसारखी कुत्र्यांनाही गाडी लागते. पिल्लांना जास्त, कारण तोल सांभाळणारी कानाच्या आतली यंत्रणा तेव्हा पूर्ण तयार झालेली नसते. सारखी जांभई, ओठ चाटणं, लाळ गळणं, कण्हणं ही उलटीच्या आधीची लक्षणं. ती दिसली की गाडी थांबवा. निघण्याच्या तीन-चार तास आधी हलकं जेवण द्यायचं, नंतर फक्त थोडं थोडं पाणी. उलटीची गोळी द्यायचीच असेल तर व्हेटना विचारून, वजनाप्रमाणे. घरच्या डब्यातली माणसांची औषधं अजिबात नाही. आपली साधी पॅरासिटामॉलसुद्धा कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

सीटबेल्ट हवाच

खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा रीलमध्ये भारी दिसतो. प्रत्यक्षात डोळ्यांत धूळ-खडे जातात आणि शेजारून बाइक घासून जाते ती वेगळीच. पुढची सीट तर नकोच, कारण एअरबॅग उघडली तर तिचा फटका जीवघेणा असतो. मांडीवर घेऊनही भागत नाही. गाडी ताशी ६० किलोमीटरवर असताना ब्रेक लागला, की सुटा कुत्रा त्याच वेगानं पुढे फेकला जातो. छातीवरून बसणारा हार्नेस घ्या आणि तो छोट्या पट्ट्यानं मागच्या सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, झटका थेट मानेला बसतो. लहान कुत्रा असेल तर पक्का बांधलेला क्रेट उत्तम. प्राण्याला त्रास होईल अशा पद्धतीनं वाहनातून नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

‘पाच मिनिटांत येतो’

हे वाक्य सगळ्यात घातक. बाहेर २४ अंश तापमान असतानाही उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ३४ च्या आसपास जातो, अर्ध्या तासात ४३ पर्यंत. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर तेही नीट जमत नाही. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लालबुंद हिरड्या, अडखळती चाल दिसली तर सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. मिसळ खायला उतरायचं असेल तर आळीपाळीनं खा. एक जण कायम तिच्याजवळ.

बॅग भरताना

- पाणी आणि पसरट भांडं, नेहमीचंच खाणं
- तिची रोजची चादर (ओळखीचा वास म्हणजे अर्धा धीर)
- जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, पिशव्या
- रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड
- गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, मोबाइलमध्ये तिचा ताजा फोटो
- वाटेतल्या आणि मुक्कामाच्या गावातल्या व्हेटचा नंबर
- गोचीड काढायचा चिमटा (कोकणातल्या गवतात फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासाच)

पाडव्याला पहाटे पाचला पुन्हा निघालो. ऊन चढायच्या आत घाट उतरायचा होता. दर दोन तासांनी थांबा, आणि आमचा नवा नियम असा, की आधी पट्टा, मग दार. पट्टा धरणाऱ्यानं ‘धरलाय!’ असं मोठ्यानं ओरडल्याशिवाय कुणी हँडलला हात लावायचा नाही. त्या टपरीशी थांबून चहाही घेतला. खारी माझ्या पायाशी बसून ट्रक बघत होती. एकही उलटी नाही.

‘कुत्रं ओटीच्या आत यायचं नाही,’ असं आजीनं फोनवर बजावलं होतं. संध्याकाळी खारी माजघरात आजीच्या पायाला टेकून झोपली होती आणि ‘दमली असेल गं, लांबून आलीय,’ म्हणत आजीच आम्हाला हळू बोलायला सांगत होती.