निळ्या डब्यातली अट

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा वायफाय राउटर बाजारात आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना, आत जेमतेम ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम. वापरणाऱ्याचा हक्क परवान्याच्या कागदावरून घरातल्या टेबलापर्यंत कसा पोचतो, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

या हक्काची गोष्ट सुरू झाली तीही एका यंत्रावरूनच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा, पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूरच, हाती नसल्याने ती सोय करता येईना. कोड बाळगणाऱ्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकाला ते जाऊन भेटले. त्याने गुप्ततेचा करार केला होता, नकार मिळाला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरसाठी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला.

अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत 'फ्री' म्हणतात आणि त्या एकाच शब्दाने घोटाळा होतो. आपल्याकडे मुक्त वेगळं, फुकट वेगळं. जीपीएलचं सॉफ्टवेअर विकायलाही मुभा आहे. वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. अट एकच, पण पक्की: दुसऱ्याला द्याल तेव्हा हेच हक्क आणि सोर्स कोडही द्या.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा याच परवान्याखाली आहे. २००३ मध्ये काही प्रोग्रॅमरांच्या लक्षात आलं, की त्या निळ्या डब्यात लिनक्स चालतोय आणि कोड मात्र कुठेच दिलेला नाही. लिंक्सिस तोवर सिस्कोच्या ताब्यात गेली होती. विचारणा वाढली, तसा कंपनीने कोड खुला केला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. बर्लिनमधल्या फ्रायफुंक या सामुदायिक वायफाय चळवळीच्या कार्यकर्त्यांनी असे राउटर घेऊन गच्ची-गच्चीवरून शेजाऱ्यांचं जाळं विणलं. २००५ मध्ये कंपनीने नव्या आवृत्तीतून लिनक्स काढला, मेमरी निम्मी केली. पण लिनक्सवाल्या डब्याला गिऱ्हाईक इतकं होतं, की तो डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळा विकावा लागला.

एमआयटी किंवा बीएसडीसारख्या सैल परवान्यात हे घडलं नसतं, कारण तिथे कंपनीवर कोड द्यायची सक्तीच नसते. प्रोग्रॅमरला ते परवाने सोयीचे वाटतात, हे मान्य. पण डबा विकत घेणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जीपीएललाही पळवाट सापडलीच. टीव्हो या रेकॉर्डरच्या कंपनीने कोड दिला, पण यंत्र बदललेला कोड चालवूच देईना. ती वाट बुजवायला २००७ मध्ये परवान्याची तिसरी आवृत्ती आली. लिनक्स मात्र दुसरीवरच थांबला.

तुमच्या राउटरच्या किंवा टीव्हीच्या खोक्यातली बारीक अक्षरांतली पुस्तिका फेकू नका. जीपीएलचा उल्लेख असेल आणि कोड सोबत नसेल, तर तो मागून घ्या. दुसऱ्या आवृत्तीनुसार कंपनीने कोड द्यायची लेखी हमी दिली असेल, तर ती किमान तीन वर्षं पाळावी लागते, आणि मागणारा ग्राहकच असला पाहिजे असंही नाही.