गॅस गेला कुठे?

मार्च सरता सरता गाडीच्या एसीची हवा कोमट वाटू लागते. माणूस गॅरेज गाठतो आणि बॉनेट उघडायच्या आधीच निदान होते : 'गॅस संपलाय, भरून टाकू.' चार दिवस गाडी गारेगार होते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मुळात एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरे. पण दरवर्षी भरावा लागत असेल, तर गळती आहे, आणि नवा गॅसही त्याच वाटेने जाणार आहे.

हा गॅस करतो काय? इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबून तापलेला गॅस रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडतो आणि द्रव होतो. मग एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम उतरतो आणि द्रव उकळू लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-134ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे 26 अंश सेल्सिअसलाच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून ओढून घेतो. उभ्या गाडीखाली ठिबकणारे पाणी म्हणजे त्या थंड कॉइलवर जमलेली हवेतली वाफ. पाणी बाहेर न पडता पुढच्या सीटखालची मॅट भिजू लागली, तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे.

म्हणून दुखणे गॅसचेच आहे, असे धरून चालू नये. आधी कान लावावा. एसीचे बटण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' असा बसतो आणि इंजिनाचा आवाज जरासा बदलतो. तसे झाले नाही, तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच तपासायला हवेत. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. त्यामुळे गॅस फारच कमी झाला, तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळू नये म्हणून हा स्विच त्याला चालूच होऊ देत नाही.

एक लक्षण मात्र मला फार बोलके वाटते : हायवेवर गाडी गार, सिग्नलला उभी राहिली की कोमट. गाडी पळताना समोरून येणारा वारा कंडेन्सरला थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे. पंखा बंद पडला असेल, मंद फिरत असेल किंवा कंडेन्सरची जाळी धूळ, किडे आणि पाचोळ्याने भरली असेल, तर गॅसची उष्णता बाहेर जातच नाही. अशा गाडीत आणखी गॅस कोंबला, तर दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. जाळी साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. प्रेशर वॉशरने तिचे पातळ पत्रे वाकतात. कोकणात, समुद्रालगत खारी हवा हेच ॲल्युमिनियम खाते, तेव्हा तिथल्या गाडीत गळती शोधताना कंडेन्सर नीट पाहावा.

हवा गार आहे पण झोत कमी आहे, तर आधी केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्समागे असतो आणि हाताने निघतो. सुरुवातीला उत्तम गारवा, तासाभराने झोत क्षीण, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, असे होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. बहुधा तिचा तापमान सेन्सर बिघडलेला असतो. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो, बाकी स्पीडला मुका? रेझिस्टन्स गेला. हा भाग लहान आणि तुलनेने स्वस्त असतो.

एवढे तपासूनही शंका गॅसवरच आली, तर काम नीट व्हावे. इंजिन बंद असताना गेज लावून 'दाब आहे, म्हणजे गॅस आहे' म्हणणे अपुरे आहे. तीस अंशांच्या हवेत आर-134एचा दाब सुमारे 95 पीएसआय दाखवतो, आत द्रव भरपूर असो वा थोडा. प्रमाण कळते ते वजनानेच. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा, नळ्यांत व्हॅक्यूम करून तो टिकतो का पाहावे आणि बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले ग्रॅम मोजून भरावेत. त्याआधी गळती शोधावी. जोडांवर तेलकट धूळ चिकटलेली असेल, तर बहुतेक वाट तिथेच आहे. गळका गॅस हवेत सोडत राहणे मला मान्य नाही. ओझोनला घातक आर-12 जाऊन 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-134ए आला, पण तोही वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हाही एसीच लावावा आणि हवा बाहेरून आत घ्यावी. कॉइल हवेतला ओलावा काढून घेते. थंडी वाटली तर तापमानाची कळ गरमकडे फिरवावी. एसी आणि हीटर एकत्र चालतात.

हीटरला वेगळे इंधन लागत नाही. इंजिन थंड ठेवणारे गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलमधून फिरते आणि त्यावरून वारा येतो. इंजिन तापल्यावरही हवा कोमटच राहिली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कूलंट कमी आहे. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुरकटपणा आला, तर हीटर कॉइल गळते आहे. घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, खिडक्या उघडाव्यात. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते आणि जागा बघून गाडी बाजूला घेता येते. पण काटा वर आणि हीटरची हवा मात्र गार, असे दिसले तर कूलंट उरलेले नाही. तिथेच थांबून इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.