थंडी, तंबू आणि मामंजींची येझदी

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या छंदाचा राग येत नाही अशी गृहिणी विरळाच! कुणाचे 'हे' पत्त्यात रमतात, कुणाचे कबुतरांत. आमच्या यांचा छंद म्हणजे पडवीत उभी असलेली एक जुनी मोटारसायकल.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. मामंजींनी १९८३ साली येझदी घेतली ती दुधासाठी. दोन्ही बाजूंना क्यान अडकवून पंचवीस वर्षं त्यांनी पहाटे डेअरीला दूध घातलं. ते गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. भंगारवाला दोनदा दाराशी येऊन गेला, तेव्हा "देऊन टाका की, पडवी तरी मोकळी होईल," असं म्हणणारी मीच! पण यांनी ती विकली नाही. उलट मी कपाटासाठी साठवलेले पैसे तिच्या दुरुस्तीत घातले. आमचा पंधरा दिवस अबोला होता, हे कशाला लपवू?

त्यानंतर दर हिवाळ्यात हे जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाऊ लागले. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात तीस-चाळीस गाड्या जमतात, रात्री तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. दोन वर्षं मी डबा बांधून दिला. तिसऱ्या वर्षी हे म्हणाले, "या खेपेला तूही चल."

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण दोन मुलांची आई, शाळेत तासिकेवर शिकवणारी बाई, आणि मोटारसायकलवर बसून तंबूत राहायला जाणार! गाव काय म्हणेल? मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "जा की गं. पंचवीस वरसं मी क्यान भरून दिलं. त्या गाडीव क्यान बसलं, मी न्हाय बसले कधी."

त्यावर मी काय बोलणार? मी तयारीला लागले.

गाडीची कुळकथा

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली गाडी. यानेचेक हा कारखानदार आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ साली हे नाव झालं. पुढे म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून त्या गाड्या बनू लागल्या आणि १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आता दोन्ही नावांच्या नव्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या आहेत, पण जुन्या गाडीची गंमत वेगळीच. तिचा किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच! किक मारायची आणि तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा.

दुसरी गोष्ट, हिचं इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला साधारण तीस-चाळीस मिली. फोडणीत तेल कमी पडलं तर मोहरी करपते, तसं इथे तेल कमी पडलं की पिस्टन तापून जाम होतो. निघताना सासूबाईंनी यांना बजावलं, "उताराला तिला उपाशी ठिवू नगा. मधनं मधनं घास द्या." मला वाटलं, म्हातारं माणूस काहीतरी बोलतंय.

थंडी वाऱ्याची असते

गाडीवरची थंडी घरातल्या थंडीसारखी नसते. हवेत १० अंश तापमान असलं आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली, तर अंगाला सहा अंशांइतका गारठा जाणवतो. त्यामुळे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. दोन थरांमध्ये जी हवा अडकते, तीच खरी ऊब देते. सर्वांत वर मात्र वारा अडवणारं काहीतरी हवं. मी कुडत्यावर स्वेटर, त्यावर छातीपाशी वर्तमानपत्राची घडी आणि वर यांचा जुना रेनकोट घातला. आरशात बघून मुलगी पोट धरून हसली! पण त्या वर्तमानपत्राने लोणंदपर्यंत माझी छाती राखली.

उजाडल्याशिवाय निघायचं नाही, ही माझी अट होती. आमच्याकडे हा उसाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही.

अंथुर्णे, बेलवाडी, सणसर मागे टाकत बारामती आली. पुढे फलटण, लोणंद, मग खंबाटकीचा घाट उतरून सुरूरवरून वाई. चहाला थांबलो तेव्हा घासाचा अर्थ यांनी मला समजावला. मूठ पिळली की इंजिनात पेट्रोल जातं आणि त्याबरोबर तेल. लांब उतारावर मूठ बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली, तर इंजिन गरगर फिरतं पण त्याला तेल मिळत नाही. म्हणून अधूनमधून मूठ थोडी पिळायची. तो घास! सासूबाई गाडीवर कधी बसल्या नाहीत, पण मामंजींचं बोलणं त्यांनी पुरतं ऐकलेलं होतं.

जर्मनीतले हत्ती

रानात शेकोटी पेटली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांत वाटली गेली. माझ्या डिंकाच्या लाडवांचा डबा दहा मिनिटांत रिकामा! असले मेळावे म्हणजे आपल्याच लोकांचं खूळ असं मला वाटायचं. पण जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात असा मेळावा भरतो. त्याला 'हत्तींचा मेळावा' म्हणतात, कारण सुरुवातीला तिथे 'हिरवा हत्ती' या टोपणनावाची झुंडाप गाडी घेऊन लोक जमत. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगलात भरतो. बर्फावर पेंढा पसरून माणसं तंबूत झोपतात.

त्यांचा पेंढा आपणही उचलण्यासारखा आहे. तंबूत थंडी वरून लागते त्यापेक्षा जास्त जमिनीतून चढते. आम्ही शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा घेतला, त्यावर ताडपत्री आणि मग सासूबाईंनी दिलेली वाकळ.

जागाही विचार करून निवडावी. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन रात्रभर ऊब सोडते. गार हवा जड, ती उतारावरून वाहत खोलगट भागात साठते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ आणि लिंगमळ्यात काही पहाटे दव गोठून पांढरं होतं ते त्यामुळेच. तेव्हा तंबू ओढ्याकाठी किंवा खळग्यात न ठोकता जरा चढावर ठोकावा.

माझी चूक

आता जे सांगते ते लाज सोडून सांगते. रात्री पाय गोठले, म्हणून मी शेकोटीतले विस्तव घमेल्यात भरून तंबूत आणले आणि चेन पूर्ण लावून घेतली. धूर नव्हता, जाळ नव्हता, छान ऊब आली. हे झोपी गेले. थोड्या वेळाने माझं डोकं ठणकू लागलं, मळमळलं. वाटलं, प्रवासाचा शीण असेल. यांना हाक मारली तर हे नुसतेच "हं" म्हणाले.

आणि एकदम शाळेतला फळा आठवला! विज्ञानाच्या बाई रजेवर असताना कार्बन मोनॉक्साइडचा धडा मीच घेतला होता. रंग नाही, वास नाही. कोळसा अर्धवट जळला की तयार होतो आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. मुलांकडून तो मी पाठ करून घेतला होता, आणि स्वतः घमेलं उशाशी घेऊन बसले होते.

चेन उघडली, घमेलं बाहेर लोटलं, यांना अक्षरशः ओढून मोकळ्या हवेत आणलं. शेजारच्या तंबूतले लोक धावले. त्यांच्यातल्या एकाच्या मोटारीने आम्हां दोघांना त्याच रात्री डॉक्टरांकडे नेलं. दोघंही सुखरूप राहिलो. पण त्या रात्री मी घरी झोपलेल्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढून हलू दिले नाहीत. बायांनो, तंबू असो, बंद खोली असो की बाळंतिणीची खोली, विस्तवाची शेगडी आत ठेवून दार लावू नका. पायांना ऊब हवी तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून घ्या.

परतीचा घास

डॉक्टरांनी परवानगी दिली तरी आम्ही एक दिवस विसावा घेऊनच निघालो. पसरणीच्या घाटात मागून एक ट्रक सारखा भोंगा वाजवत होता आणि यांचं लक्ष त्याच्याकडे. गाडीचा आवाज बदलून कोरडा झाल्यासारखा मला वाटला. मी यांच्या खांद्यावर थाप मारून ओरडले, "घास द्या तिला!" यांनी मूठ पिळली, गाडीने निळसर धुराचा भपकारा सोडला आणि आवाज पुन्हा भरला. वाईत उतरल्यावर हे म्हणाले, "आई बोलली वाटतं मागून!"

दिवस मावळायच्या आत शेळगाव गाठलं. सासूबाई ओट्यावर वाट बघत होत्या. मी उतरले आणि म्हटलं, "आत्याबाई, आता तुम्ही बसा." त्या "छे, छे" करत राहिल्या, पण यांनी हात धरून बसवलंच. लुगड्याचा काष्टा सावरत, लेकाचा खांदा घट्ट धरून त्या फाट्यापर्यंत जाऊन आल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "क्यानांची चैन व्हती म्हनायची!"

कपाट अजून आलेलं नाही. पण भंगारवाला आला तर आता मीच त्याला परत पाठवते.

तुम्हीही निघणार असाल तर

• जुन्या गाडीची रबरी पेट्रोल नळी आधी बदला. आताच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचं इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही.
• पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. कागद तपासून घ्या.
• जादा प्लग, क्लचची तार आणि मोजून घेतलेलं तेल सोबत असू द्या.
• हेल्मेट दोघांनाही हवं.
• कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालण्यासाठी वेगळा ठेवा.
• आणि डबा बांधाल तेव्हा दोघांचा बांधा!