संगणनशक्ती : सर्व्हरची आणि वैयक्तिक संगणकांची

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारातील दुकानात बिले करणारा संगणक दिवसाचा बराच काळ जवळजवळ रिकामाच असतो. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे मात्र दूरच्या सर्व्हरवर जमा होतात आणि मुदत संपताना तेथे देशभरातील व्यापाऱ्यांची गर्दी उसळते. मग अधिक संगणनशक्ती कोणाकडे?

मार्टिन हिल्बर्ट व प्रिसिला लोपेझ यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००७ मध्ये जगातील सर्वसाधारण संगणनक्षमतेपैकी सुमारे ६६ टक्के वैयक्तिक संगणकांत, २५ टक्के व्हिडिओ गेमच्या यंत्रांत, ६ टक्के मोबाइलमध्ये आणि केवळ ३ टक्के सर्व्हरमध्ये होती. एकेक सर्व्हर बलवान असला, तरी वैयक्तिक संगणकांची संख्या कितीतरी अधिक होती.

समजा, एखाद्या बाजारात १,००० संगणक आहेत आणि प्रत्येकाची क्षमता १०० गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० अब्ज गणिती क्रिया, इतकी आहे. एकूण क्षमता १०० टेराफ्लॉप होईल. पुण्यातील ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये ११७.९ टेराफ्लॉप वेग नोंदवून जगात चौथा क्रमांक मिळवला होता. तरीही हा बाजार म्हणजे ‘एका’ नव्हे. हवामानाच्या अंदाजात प्रत्येक चौकटीचे गणित पावलोपावली शेजारच्या चौकटींच्या उत्तरावर अवलंबून असते. तेथे प्रोसेसरइतकीच त्यांना जोडणाऱ्या जाळ्याची गती महत्त्वाची ठरते. इंटरनेटने जोडलेले विखुरलेले संगणक येथे मागे पडतात.

याउलट, ज्या कामाचे स्वतंत्र तुकडे पाडता येतात, ते विखुरलेल्या संगणकांनाही साधते. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ या प्रकल्पाने मार्च २०२० मध्ये स्वयंसेवकांच्या संगणकांच्या बळावर एक एक्साफ्लॉपची सीमा ओलांडली. त्या वेळच्या सर्वांत वेगवान ‘समिट’ महासंगणकाचा नोंदलेला वेग सुमारे १४९ पेटाफ्लॉप, म्हणजे एक एक्साफ्लॉपच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास होता.

म्हणून तुलना करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत : एकूण क्षमता, तिचा प्रत्यक्ष वापर आणि यंत्रांमधील जोडणी. २००७ ची टक्केवारी आजची म्हणून सांगणेही चूक ठरेल. कारण त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झाला आणि डेटा केंद्रे कितीतरी पटींनी वाढली. एकूण क्षमतेचा आकडा कितीही मोठा असला, तरी उपयोगी पडते ती कामाला जुंपता येणारी शक्तीच.