प्रार्थनेतील ‘आम्ही’

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने प्रार्थनेवर काय बोलावे, अशी शंका काहींच्या मनात असेल. आम्ही ख्रिस्ती नाही. पण मागणीपत्रके लिहिण्यात आमचे आयुष्य गेले, आणि येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना आम्ही प्रथम वाचली ती मागणीपत्रक म्हणूनच.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ती सहाव्या अध्यायात आहे. तिच्या आधी येशू सांगतो की, प्रार्थना चव्हाट्यावर करू नका, खोलीत जाऊन दार लावून घ्या. गंमत अशी की, दार लावून करावयाच्या या प्रार्थनेत ‘मी’ कोठेच नाही. बाप आमचा, भाकर आमची, ऋणही आमचेच. एकांतातसुद्धा शेजाऱ्याला बरोबर घेऊन बसावयाचे!

भाकर मागावयाची तीही आजच्यापुरती. मूळ ग्रीक शब्द इतका विरळा आहे की, त्याचा अर्थ ‘रोजची’ की ‘उद्याची’ हा पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला दोन्ही अर्थ कळतात.

खरी मेख पुढे आहे. पापाला मत्तयाने ‘ऋण’ हा शब्द योजला आहे, आणि ते सोडण्याची विनंती करताना आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, असे म्हणावे लागते. मालकापुढे ठेवलेल्या मागण्यांत आम्ही स्वतःवर अट कधी घातली नाही. येथे मागणाराच बांधला जातो. प्रार्थना संपताच येशू पुन्हा याच एका मागणीवर बोलतो. एका संपात मध्येच कामावर गेलेल्या माणसाच्या घरी पुढे आजारपण आले. मदतनिधीतून त्याला काही द्यावे काय, या प्रश्नावर आमचे मत ‘नाही’ असे पडले होते. ही ओळ आली की तो माणूस आठवतो.

प्रार्थना कामगाराला स्वस्थ बसविते, हा आक्षेप आम्हीही पुष्कळदा घेतला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी केलेल्या नियमांत प्रार्थनेच्या वेळांबरोबर अंगमेहनतीचे तासही नेमून दिले आहेत. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते व तो देवाच्या कानी जातो. मग मागितलेले मिळते काय? गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तीनदा मागणे केले; दुःखाचा प्याला टळला नाही. तो उठला, झोपी गेलेल्या सोबत्यांना त्याने जागे केले, आणि पकडावयास येणाऱ्यांना सामोरा गेला.