खोटे बोलणारी निवेदिका आणि तिच्याकडे झुकणारा वाचक

कादंबरीतील 'मी' वाचकाला आवडलाच पाहिजे, असा काही नियम नाही. तरीही मृत मैत्रिणीचे हस्तलिखित पळविणाऱ्या निवेदिकेची सोबत वाचक शेवटच्या पानापर्यंत का सोडत नाही, हा प्रश्न आर. एफ. क्वांग यांच्या 'यलोफेस' (२०२३) या इंग्रजी कादंबरीने अनेकांना पाडला. गोऱ्या नटांनी चेहरा रंगवून पूर्व आशियाई पात्रे रंगविण्याच्या जुन्या प्रथेवरून हे शीर्षक आले आहे.

जून हेवर्ड ही अयशस्वी गोरी लेखिका. तिची मैत्रीण अथेना लिऊ मात्र यशाच्या शिखरावर. घशात घास अडकून अथेनाचा जूनसमोरच मृत्यू होतो आणि तिची अप्रकाशित कादंबरी जूनच्या पिशवीतून घरी येते. विषय आहे पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्सने राबविलेल्या सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजुरांचा. जून मजकुरावर हात फिरवते, गोऱ्या पात्रांना सौम्य करते आणि 'जुनिपर साँग' या नावाने पुस्तक छापते. नाव खोटे नाही. 'साँग' हे तिचे खरेच मधले नाव. मात्र ते चिनी वाटते, आणि प्रकाशकाला नेमके तेच हवे असते.

वाचकाची फसगत होते ती इथे. जून उघड खोटे क्वचितच बोलते. ती सबबी सांगते. 'मी इतके कष्ट घेतले, मग पुस्तक माझेच नाही का?' हा तिचा युक्तिवाद क्षणभर पटतोही, कारण मत्सर आणि उपेक्षा यांची तिची वर्णने अस्सल आहेत. शिवाय अथेनाही धुतल्या तांदळासारखी नाही. महाविद्यालयीन दिवसांत जूनने विश्वासाने सांगितलेला अत्याचाराचा अनुभव तिने स्वतःच्या कथेत वापरलेला असतो. कोणाच्या दुःखावर कोणी लिहावे, हा प्रश्न त्यामुळे सरळ राहत नाही. क्वांग स्वतः चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या. आपल्यासारख्याच लेखिकेला पहिल्याच प्रकरणात मारून त्यांनी लेखणी तिच्या चोराच्या हाती दिली, ही यातील सर्वांत धाडसी खेळी. समाजमाध्यमांवरील भांडणांची प्रकरणे मात्र थोडी लांबली आहेत.

प्रकाशनगृहातील एक लहानसा प्रसंग अधिक बोलका आहे. कँडिस ही संपादकीय सहायिका सुचविते, की छपाईपूर्वी मजकूर चिनी पार्श्वभूमीच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. जून नकार देते आणि पुढे कँडिसलाच या कामातून दूर केले जाते. कादंबरी अमेरिकेत हार्परकॉलिन्स समूहातर्फे मे २०२३ मध्ये आली. त्याच समूहाच्या न्यूयॉर्क येथील सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांनी १० नोव्हेंबर २०२२ पासून तीन महिने संप केला होता. कनिष्ठ पदांचे किमान वेतन आणि कार्यालयातील वांशिक वैविध्य या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या.